माणूस केंद्रस्थानी असलेले कार्यालय ओळखायचे कशावरून?

अंधेरीकरीण

नमस्कार मंडळी. अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या मालवाहतूक कंपनीचे मुख्य कार्यालय आहे आणि तेथे कस्टम्सच्या कागदपत्रांचा विभाग मी सांभाळते. नुकत्याच रुजू झालेल्या वरिष्ठांनी प्रत्येक विभागप्रमुखाकडून एक टिपण मागवले आहे. कंपनीचे नेतृत्व आणि कामाची जागा माणसाला केंद्रस्थानी ठेवून चालावी यासाठी काय करावे, असा त्याचा विषय आहे. असे टिपण लिहिणे कठीण नाही. योगदिन, वाढदिवसाचा केक, वर्षातून एकदा अलिबागची सहल आणि प्रवेशद्वाराशी दोन सुविचार एवढे लिहिले, तरी कोणी हरकत घेणार नाही. परंतु असल्या गोष्टी मी गेली अनेक वर्षे पाहत आले आहे, आणि त्यांच्यामुळे एखाद्याचे काम सुसह्य झाल्याचे मला आठवत नाही.

म्हणून येथे विचारते. एखाद्या कार्यालयात माणसाची खरोखर कदर होते की नाही, हे तपासता येईल अशी कोणती खूण तुम्हाला ठाऊक आहे? माझे मत असे, की सारे काही वरिष्ठाच्या स्वभावावर अवलंबून असते. साहेब समंजस असेल तर नियम नसले तरी चालते आणि तो तसा नसेल तर कितीही नियम लिहिले तरी उपयोग होत नाही. त्यामुळे कंपनीने आपला पैसा आणि वेळ चांगले वरिष्ठ निवडण्यावर आणि घडवण्यावर खर्च करावा, असे मी लिहिणार आहे. पटते का?

हिशेबनीस

आमच्या कार्यालयात स्वागतकक्षाच्या भिंतीवर ‘आपण सारे एक कुटुंब’ असे पितळी अक्षरांत लिहिले आहे. माझ्या घरी मात्र आजारी पडण्यासाठी तीन जणांच्या सह्या लागत नाहीत.

गिरणगावकर

प्रश्न उत्तम आहे, मताशी मात्र मी असहमत आहे.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साच्यावर (मागावर) काम करीत. त्यांच्या आधीच्या पिढीत कामगार भरती करण्याचा, त्यांना काढण्याचा आणि रजा देण्याचा सगळा अधिकार जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती असे. गैरहजर कामगारांच्या जागी घेतल्या जाणाऱ्या बदली कामगारांनी पहाटे गिरणीच्या दरवाजाशी उभे राहायचे आणि ज्याच्यावर जॉबरची मर्जी असेल त्याने आत जायचे, अशी रीत होती. चांगल्या स्वभावाचे जॉबर नव्हते असे नाही. गावाकडच्या माणसाला खोली पाहून देणारे, अडीनडीला उसने पैसे देणारेही होते. परंतु मर्जीवर चालणाऱ्या व्यवस्थेत चांगल्या जॉबरचे उपकार आणि वाईट जॉबरची दस्तुरी, म्हणजे कामासाठीची लाच, या दोन्हींपुढे कामगाराला सारखेच वाकावे लागे. शेवटी १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघटनेलाच बदली कामगारांची नोंद ठेवणारी योजना आणावी लागली आणि जॉबरच्या अधिकाराला थोडा तरी लगाम बसला.

आठवड्याच्या सुट्टीचेही तसेच आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, हजारो सह्यांचे अर्ज पाठवले, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. धर्मादाय दवाखाने आणि पाणपोया बांधणारे दानशूर त्या मालकांतही होते. तरीही सुट्टी मिळाली ती कामगारांनी मागितल्यावर. तेव्हा साहेबाचा स्वभाव ही माझ्या लेखी शेवटची खूण आहे.

वऱ्हाडी_मुंबईत

गिरणगावकर, तुमचा इतिहास अचूक आहे, परंतु तो अर्धा आहे. मी नागपूरचा असल्यामुळे एम्प्रेस मिलचे नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या त्या गिरणीत १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आला आणि १८९५ मध्ये अपघातग्रस्त कामगारांना भरपाई देण्याची योजना आली. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ मध्ये लागू झाला, तर भविष्य निर्वाह निधी आणि भरपगारी रजा १९२० मध्ये. देशातील कायद्याने या गोष्टी सर्वांसाठी बंधनकारक करायला पुढे कित्येक वर्षे लागली. मालकाच्या दृष्टीने फरक पडत नाही, असे मग कसे म्हणता येईल?

गिरणगावकर

फरक पडतो, हे मान्य. परंतु आपणच दिलेले एक साल पुन्हा पाहावे. जमशेटजी १९०४ मध्ये वारले आणि आठ तासांचा दिवस १९१२ मध्ये आला. म्हणजे एका माणसाची दृष्टी त्याच्यामागे टिकली, कारण ती निधी, योजना आणि कामाचे तास या लेखी स्वरूपात उतरली होती. अंधेरीकरीण यांचे समंजस साहेब उद्या दुसऱ्या कंपनीत गेले तर त्यांच्या समंजसपणातले काय मागे राहील, एवढाच माझा प्रश्न आहे.

कागदोपत्री

मी मनुष्यबळ विभागात काम करते. त्यामुळे या धाग्यावर माझ्याकडे संशयाने पाहिले जाईल, याची जाणीव ठेवून लिहिते.

मुंबईपुरती एक खूण मी सांगू शकते, आणि ती म्हणजे मुसळधार पावसाचा दिवस. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो लोक कार्यालयांत, गाड्यांत आणि रस्त्यांवर अडकले. त्यानंतर बहुतेक कंपन्यांनी आपत्तीच्या वेळी काय करायचे याची पत्रके काढली. ती पत्रके प्रत्यक्षात कशी वापरली जातात, ते पाहावे. सकाळी साडेनऊला संदेश येतो, ‘कर्मचाऱ्यांनी आपापल्या भागातील परिस्थिती पाहून योग्य तो निर्णय घ्यावा.’ वाचायला हा संदेश फार सुसंस्कृत वाटतो. परंतु कर्जत, कसारा आणि विरारची माणसे साडेसहाच्या आत घराबाहेर पडलेली असतात, आणि साडेनऊला ती कुर्ल्याच्या किंवा नालासोपाऱ्याच्या अलीकडे थांबलेल्या गाडीत उभी असतात. जो आला नाही त्याची रजा कापली जाते आणि जो आला त्याचे कौतुक होते. निर्णय कर्मचाऱ्याचा असल्याचे सांगायचे आणि त्याची किंमतही त्याच्याकडूनच वसूल करायची, असा हा प्रकार आहे.

याउलट मी काम केलेल्या एका ठिकाणी पहाटे साडेपाचच्या आत निर्णय कळवला जाई. तो कोणी घ्यायचा, हे पावसाळ्यापूर्वी ठरलेले असे, आणि त्या दिवसाची रजा कोणाच्याही खात्यातून जात नसे. तेथील संचालक स्वभावाने अत्यंत तापट होते. तरीही पावसात सर्वांत सुरक्षित वाटलेली नोकरी तीच.

चर्चगेट_स्लो

कागदोपत्री, साडेनऊच्या संदेशाचा अनुभव मीही घेतला आहे. आमच्याकडे त्याखाली ‘काळजी घ्या’ असेही लिहिलेले असते.

तासांविषयी थोडे. आठवड्याला सत्तर आणि नव्वद तास काम करण्याचे सल्ले अलीकडे मोठ्या उद्योगांतील मंडळींनी दिले आणि त्यावर भरपूर वादही झाला. विरार ते चर्चगेट प्रवास धरला तर आम्ही ते लक्ष्य केव्हाच गाठले आहे, फक्त त्याचा पगार कोणी देत नाही. परंतु विनोद बाजूला ठेवतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त असतो, आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्के जास्त असतो. त्यामुळे माणसाची कदर मोजायची असेल तर प्रथम घड्याळाकडे पाहावे.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, पन्नासांहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या फोन आणि ईमेलबाबत कर्मचारी प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत अशाच आशयाचे खासगी विधेयक मांडले होते. खासगी विधेयकांचे पुढे काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. असे शेवटचे विधेयक १९७० मध्ये मंजूर झाले होते. म्हणून कायद्याची वाट न पाहता टिपणात एवढे तरी लिहावे, की रात्री आठनंतर आलेल्या निरोपाला सकाळी उत्तर दिले तर त्याचा परिणाम वार्षिक मूल्यमापनावर होणार नाही.

रात्रपाळी

चर्चगेट_स्लो यांच्या सूचनेतली रात्री आठची वेळ वाचून हसू आले, कारण माझा दिवस तेव्हा सुरू होतो. मालाडच्या एका कॉल सेंटरमध्ये मी परदेशी ग्राहकांचे फोन घेतो. आमच्यासारख्यांना घड्याळाची मर्यादा पुरत नाही. आमचा साहेब ना समंजस आहे ना तापट, कारण आमचे मूल्यमापन मुख्यतः संगणकप्रणाली करते.

उदाहरण देतो. प्रत्येक फोनला सरासरी किती वेळ लागला, याला आम्ही एएचटी म्हणतो, आणि तो ठरलेल्या मर्यादेत ठेवावा लागतो. एखादी वृद्ध ग्राहक सावकाश बोलते, चष्मा शोधते, पुन्हा पुन्हा तेच विचारते. तिला नीट मदत केली तर माझा एएचटी वाढतो, गुण घटतात आणि पुढच्या महिन्याच्या रोस्टरमध्ये मला नकोशी पाळी मिळते. तिला गोड बोलून दुसऱ्या विभागाकडे ढकलले तर माझे आकडे सुंदर दिसतात. चांगुलपणाला दंड आणि टाळाटाळीला बक्षीस, असे हे गणित कोणा दुष्ट माणसाने मुद्दाम मांडलेले नाही. ते मांडणाऱ्याने फोन घेणाऱ्यांना कधी विचारले नाही, एवढेच.

आता तर आवाजावरून आम्ही आनंदी आहोत की त्रासलेले, हे ओळखणारी प्रणाली येणार असल्याची चर्चा आहे. युरोपीय संघाने २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यात कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे वगळता, बंदी घातली आहे. आपल्याकडे तशी बंदी नाही. तेव्हा माझी खूण अशी: ज्याला गुण दिले जातात त्याला ते कसे दिले हे पाहता येते का, आणि त्यावर हरकत घेतली तर ती ऐकणारा कोणी जिवंत माणूस आहे का?

हिशेबनीस

जिवंत माणूस आमच्याकडे आहे. हरकत घेतली की तो सांगतो, ‘सिस्टिममध्ये तसेच दिसते आहे.’

जुनी_पुस्तके

चर्चा चांगली रंगली आहे, म्हणून थोडी पार्श्वभूमी देतो. कामाची वेळ सेकंदाकाट्याने मोजण्याचे शास्त्र फ्रेडरिक टेलर यांच्या १९११ च्या ग्रंथाने रूढ केले. रात्रपाळी यांचा एएचटी त्याच घराण्यातला आहे. त्याला उत्तर म्हणून शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातील १९२४ ते १९३२ दरम्यानचे प्रयोग नेहमी सांगितले जातात. कामगारांकडे लक्ष दिले की उत्पादन वाढते, असा त्यांचा निष्कर्ष व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात शिकवला जातो. त्यातील रिले नावाचे टेलिफोनचे सुटे भाग जोडणाऱ्या पाच तरुणींच्या गटातून दोघींना प्रयोग चालू असतानाच काढून टाकून त्यांच्या जागी दुसऱ्या आणल्या गेल्या, कारण त्या फार बोलत आणि पुरेसे सहकार्य करीत नाहीत अशी तक्रार होती. हे मात्र वर्गात क्वचितच सांगितले जाते. आपुलकीने वागवायचे, परंतु बोलणारीला बाहेर काढायचे, या परंपरेचा उगम बराच जुना आहे म्हणायचा.

मला त्या काळातील मेरी पार्कर फॉलेट अधिक जवळच्या वाटतात. दुसऱ्यावर गाजवायची सत्ता आणि दुसऱ्याच्या साथीने वापरायची सत्ता असा भेद त्यांनी केला. हुकूम माणसाने माणसाला देण्यापेक्षा दोघांनी मिळून परिस्थितीची गरज ओळखावी आणि तिचे ऐकावे, असे त्या मांडत. या धाग्यावरच्या पावसाच्या उदाहरणाला ते चपखल लागू पडते. गाड्या बंद आहेत, हे संचालकालाही मान्य करावे लागते आणि शिपायालाही.

लघुउद्योजक_वसई

सर्वांचे प्रतिसाद आदराने वाचले. आता दुसऱ्या बाजूचे ऐकावे.

वसईला माझा सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. माझ्या कामगारांना मी नावाने ओळखतो, त्यांच्या मुलांच्या शाळेच्या फीची मला कल्पना असते. आणि तरीही एखाद्या महिन्यात त्यांचा पगार दहा तारखेच्या पुढे जातो, कारण माझी बिले अडकलेली असतात. ती अडकवतात कोण? ज्यांच्या वार्षिक अहवालात कर्मचाऱ्यांचे मानसिक आरोग्य, समुपदेशन आणि माणुसकीचे नेतृत्व यांवर सचित्र प्रकरणे असतात, अशाच मोठ्या कंपन्या. त्यांच्या कार्यालयात झोपाळे आहेत, आणि त्यांचा पुरवठादार बँकेच्या दारात उभा आहे.

२००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज देणे बंधनकारक आहे. परंतु ते व्याज मागणारा पुरवठादार पुढच्या वर्षी यादीत राहत नाही. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकर कायद्यातही बदल झाला आणि सूक्ष्म व लघु उद्योगांचे मुदतीत न दिलेले पैसे त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येईनासे झाले. माझ्या एका बड्या ग्राहकाने यावर काय उपाय शोधावा? ‘लघुउद्योग म्हणून असलेली तुमची नोंदणी रद्द केलीत तर आपले संबंध सुरळीत राहतील,’ असे त्यांच्या खरेदी विभागाने मला सुचवले.

तेव्हा अंधेरीकरीण यांनी टिपणात एक ओळ घालावी. कंपनी आपल्या वाहनचालकांच्या ठेकेदाराला आणि छोट्या पुरवठादारांना किती दिवसांत पैसे देते, हे तपासावे. माणूस केंद्रस्थानी आहे असे म्हणताना वर्तुळाची त्रिज्या आपल्याच पगारपत्रकापाशी संपवायची का?

कागदोपत्री

लघुउद्योजक, झोपाळ्याचा उल्लेख जिव्हारी लागला. आमच्याकडे दोन आहेत. त्यांवर बसलेले कोणी मी अद्याप पाहिले नाही, कारण बसणाऱ्याला काम नाही असा समज होतो.

मुकादम

लघुउद्योजकांनी वर्तुळ मोठे केले ते फार बरे झाले. मस्जिद बंदरच्या बाजारात आमची तिसरी पिढी आहे, म्हणून माथाडींचे उदाहरण सांगतो.

पाठीवर गोणी वाहणाऱ्या माणसाला एक मालक कधीच नसतो. सकाळी एका पेढीचा माल, दुपारी दुसऱ्या. त्यामुळे रजा, निधी, औषधपाणी यांची जबाबदारी कोणाचीच नव्हती. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून महाराष्ट्राचा माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा १९६९ चा कायदा आला. कामगार, मालक आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधी असलेली मंडळे स्थापन झाली. पेढीने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (ठरावीक जादा आकार) मंडळाकडे भरायची आणि मंडळाने कामगाराला पगार, भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि इतर लाभ द्यायचे, अशी ती रचना आहे. या मंडळांच्या कारभारात गैरप्रकार झाले, माथाडीच्या नावावर खंडणी उकळणारेही निघाले, हे मी लपवणार नाही. परंतु मालक बदलत राहिला तरी माणसाची जबाबदारी सुटू नये, यासाठी पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी या राज्याने एक मार्ग काढला होता, हे विसरू नये.

आज ॲपवरून जेवण पोहोचवणाऱ्या मुलांची अवस्था नेमकी तेव्हाच्या हमालांसारखी आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांची व्याख्या आली, हे स्वागतार्ह आहे. परंतु पावसात हमखास तुंबणाऱ्या दादरच्या हिंदमाता चौकातल्या पाण्यात दुचाकी बंद पडली तर त्याने कोणाला फोन करायचा? हमालाला शिव्या देणारा का होईना, मुकादम तरी होता.

मावशी_गोरेगाव

मुंबईतलेच आणखी एक उदाहरण कोणी कसे दिले नाही, याचे नवल वाटते. गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जतची संस्था उभी राहिली. तेथे पापड लाटणारी प्रत्येक बहीण सहमालक असते आणि नफ्यातोट्यात तिचा वाटा असतो. स्वतः पापड लाटलेल्या बाईच्या हातीच संस्थेचा कारभार असल्यामुळे ‘माणसाला केंद्रस्थानी कसे आणावे’ यावर तिला टिपण मागवावे लागत नाही.

जुनी_पुस्तके

मावशी, उदाहरण मोलाचे आहे. एक शंका तेवढी नोंदवतो. ते काम नगावर मोबदला देणारे आणि घरी बसून करायचे आहे. अंधेरीच्या मालवाहतूक कंपनीत कस्टम्सचा फॉर्म भरणाऱ्याला सहमालक करणे अंधेरीकरीण यांच्या अधिकारात नसावे.

मावशी_गोरेगाव

सहमालक करणे त्यांच्या हाती नसेल, परंतु कामाचे वेळापत्रक ठरवताना विभागातल्या लोकांना विचारणे तर आहे? तेवढ्याला संचालक मंडळाचा ठराव लागत नाही.

अंधेरीकरीण

सर्वांचे मनापासून आभार. टिपणाचा मसुदा आता बराच बदलला आहे. स्वभावाचा मुद्दा मी पूर्णपणे सोडलेला नाही, कारण नियम वाकवायचा की पाळायचा, हे शेवटी कोणा माणसालाच ठरवावे लागते. परंतु चांगले वरिष्ठ निवडा, एवढे लिहून थांबणे पुरेसे नाही, हे पटले आहे.

पावसाळ्यातील निर्णय पहाटे साडेपाचपर्यंत आणि रजा न कापता, ही सूचना जशीच्या तशी घेतली आहे. जहाज लागते त्या रात्री न्हावाशेव्याला थांबणाऱ्या आमच्या लोकांसाठी रात्री आठची अट चालणार नाही. त्यामुळे रात्रपाळी यांचा मुद्दा धरून असे लिहिले आहे, की पाळ्यांचे वेळापत्रक विभागातील लोकांनी आपसात ठरवावे आणि वरिष्ठाने त्यात बदल केला तर लेखी कारण द्यावे. ट्रकमालकांची बिले किती दिवसांत चुकती होतात, याची माहिती लेखा विभागाकडून मागवली. उत्तर अद्याप आलेले नाही. विलंबाचा प्रश्न विलंबाने का होईना, मार्गी लागेल, अशी आशा आहे.

अजून एक अडचण आहे. आमच्याकडे पन्नासांहून अधिक कर्मचारी असल्यामुळे मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीपासून पाळणाघराची सोय हवी, परंतु ‘जागा नाही’ या कारणाने तो विषय दरवर्षी पुढे ढकलला जातो. प्रसूती रजेवरून परतलेल्या दोघींनी नोकरी सोडली, तेव्हा निरोप समारंभ मात्र छान झाला.

कागदोपत्री

मसुदा चांगला आहे, तरी वेळापत्रक ‘लोकांनी आपसात ठरवावे’ या वाक्याला माझी हरकत आहे. आपसात सोडले की ज्येष्ठांना सोयीच्या पाळ्या मिळतात आणि नव्या मुलीच्या वाट्याला दिवाळीची रात्र येते. बायकांना रात्रीच्या पाळीनंतर घरी पोहोचवण्याची व्यवस्था आहे का, ती पाहिल्याशिवाय तर हा विषय आपसांत सोडूच नये. अवघड पाळ्या क्रमाने फिरतील, एवढी चौकट आधी ठरवून द्यावी आणि तिच्या आत लोकांना अदलाबदल करू द्यावी.

गिरणगावकर

कागदोपत्री यांच्याशी शब्दशः सहमत. आम्हा दोघांचे एकमत झाल्याची नोंद संपादक मंडळाने घ्यावी.

हिशेबनीस

पाळणाघराला जागा नाही, परंतु झोपाळ्यांना आहे!

तळमजला

एरवी मी केवळ वाचक आहे, परंतु पाळणाघराचा विषय निघाला म्हणून लिहिते. तुमच्याच वसाहतीच्या पलीकडे साकीनाक्याच्या बाजूला आमची इमारत आहे आणि ‘जागा नाही’ हे कारण आमच्याकडेही पुष्कळ काळ चालले. कायदा प्रत्येक कंपनीने स्वतंत्र पाळणाघर काढावे असे म्हणत नाही, सामाईक सोय चालते. आमच्या इमारतीतील चार कार्यालयांनी मिळून तळमजल्यावरचा एक गाळा घेतला. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ देण्याची तरतूद कायद्यातच आहे, आणि पाळणाघर त्याच इमारतीत असल्यामुळे लिफ्टने जाऊन येणे शक्य होते.

दोन गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात. पाळणाघराची वेळ कार्यालयाच्या वेळेपेक्षा किमान तासभर जास्त ठेवावी, नाहीतर शेवटच्या पाच मिनिटांत येणारी बैठक आईला टाळता येत नाही आणि सांभाळणाऱ्या बाईंना घरी जाता येत नाही. आणि त्या बाईंचा पगार, रजा व निधी कोणती कंपनी भरणार, हे करारात लिहावे. आमच्याकडे पहिल्या वर्षी हाच मुद्दा राहून गेला होता, चौघांनीही तिसऱ्याकडे बोट दाखवले. आता भाडे आणि पगार मुलांच्या संख्येवर न वाटता कर्मचारीसंख्येवर वाटले जातात, त्यामुळे तरुण मुलींना नोकरीवर घेताना कोणी खर्चाचा हिशेब मांडत बसत नाही. वाटपाचा तक्ता आणि कराराचा नमुना हवा असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा, पाठवते.